संध्याकाळीच पडणारा काटा

"पडला! बाबा, काटा पडला!"

पिकअपमध्ये बाबांच्या शेजारी बसलेली मोना ओरडली. तिच्या बाबांनी, ओमप्रकाशकाकांनी, गाडी झटकन कडेला घेऊन इंजिन बंद केलं. तेलाच्या दाबाचा काटा खाली आला की गाडी पुढे न्यायची नाही, नाहीतर इंजिन घासून कायमचं जाम होतं, हे तिन्ही पोरांना आता पाठ झालं होतं. मागे टरबुजांवर बसलेले तिचे दोस्त अभिनव आणि गुड्डू खाली उतरले. अंधार पडत होता.

"उतईहून निघताना तर ठीक होता बे!" गुड्डू म्हणाला.

"रोजचंच आहे," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात जीव नव्हता. शेवटी एका ट्रॅक्टरनं ओढत गाडी घरी मरोद्याला आणली.

रूपेश मिस्त्रीनं बोनटही उघडलं नाही. "जुनी गाडी आहे भाऊ. दिवसभर तापते अन् संध्याकाळी दाब सोडते. इंजिन गेलं!"

अभिनवच्या आबाजींनी, गुलाबरावांनी, उभी हयात स्टील प्लांटमध्ये मीटर वाचण्यात घालवली होती. त्यांनीही मान डोलावली. "मीटर खोटं बोलत नाही, ओमप्रकाश. विकून टाक."

झालं! आबाजी बोलले म्हणजे शिक्काच. गाडी गेली की टरबुजांचा धंदा गेला, आणि मोनाचं बिऱ्हाड मामाकडे नागपूरला. कायमचं! मोनाची आई, विजयाकाकू, भांडी बांधायलाही लागल्या.

तिघं ओट्यावर बसले होते. एकाएकी अभिनव ताडकन उठला.

"परवा आपण भर दुपारी आलो ना! बोनटवर पापड भाजला असता! तेव्हा काटा कावून नाही पडला?"

"हाव यार!" गुड्डू म्हणाला. "तापून पडते, तर दुपारीच पडाले पाह्यजे!"

"संध्याकाळी वेगळं काय होते?" मोना पुटपुटली आणि तिचे डोळे मोठे झाले. "लाइट! अंधार पडला की बाबा लाइट लावते!"

तिघं धावत सुटले. पण ऐकतो कोण? "दिव्याचा अन् तेलाचा काय संबंध?" म्हणून रूपेश खो खो हसला. "मोठ्यांच्या मधात बोलू नये," आबाजी गुरकावले. काकांनी तर वर पाहिलंही नाही. किल्लीही काकांच्याच खिशात होती. खरं काय ते कळूनही काहीच करता येत नव्हतं. मुलांना फार फार वाईट वाटलं.

सकाळी दुर्गहून एक जण गाडी विकत घेऊन न्यायला आला. काकांकडून किल्ली घेऊन सीटवर बसला आणि त्यानं इंजिन सुरूही केलं! अभिनव आणि गुड्डू गाडीसमोर आडवे झाले.

"हटा बे पोट्टेहो!" तो खेकसला.

तेवढ्यात मोनानं दुसऱ्या खिडकीतून हात घालून लाइटचं बटण ओढलं. काटा खाली!

"अरे, दाब गेला!" तो माणूस दचकला.

मोनानं बटण बंद केलं. काटा वर! पुन्हा ओढलं. खाली!

"आबाजी, पाहा ना! एकदा तरी पाहा!" अभिनव रडकुंडीला आला होता.

आबाजींनी चष्मा सावरला, आत वाकले आणि स्वतः तेच तीनदा करून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "लाइट लावल्यानं तेलाचा दाब कसा पडन? रूपेश, तू इंजिनले वेगळा गेज लावून पाह्यला होता का?"

रूपेशनं दाब मोजायचा गेज आणून थेट इंजिनला जोडला. लाइट लावा नाहीतर बंद करा, दाब अगदी ठणठणीत! डॅशबोर्डमागे अर्थिंगची तार गंजून ढिली झाली होती. लाइट लावला की मीटरची वीज अडखळायची आणि काटा खोटाच खाली यायचा.

दुर्गचा माणूस बडबडत निघून गेला.

"मीटर खोटं बोललं, अन् मी खात्री न करता हो म्हटलं," आबाजी सगळ्यांदेखत म्हणाले. "तिघांनी मले शिकवलं आज. शाब्बास रे पोट्टेहो!"

मोनाचं तिकडे लक्षच नव्हतं. "बाबा, म्हणजे आपण आता इथंच राहू ना?"

काकांनी होकारार्थी मान हलवली, आणि या सगळ्यात एकदाही न रडलेली मोना त्यांना बिलगून ढसाढसा रडायला लागली.