चंद्र बरोबर का येतो

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. गोष्ट देवरुखची आहे, पण अजून खूप वर्षांनंतरच्या देवरुखची.

तेव्हा राज्यातल्या आठवीच्या प्रत्येक मुलाला विज्ञानाचा एकच प्रश्न विचारायचे. पिढ्यान्‌पिढ्या तोच. का, तर मुलांना विज्ञान पूर्वीपेक्षा जास्त कळतंय की कमी, हे मोजायचं. आता उंची मोजताना पट्टीच बदलत राहिली, तर पोरगं वाढलं की पट्टी आखडली, कसं कळणार? म्हणून प्रश्न बदलायचा नाही. आणि फुटायचाही नाही. त्यासाठी विसरधुकं. उत्तर देऊन झालं की खोलीत पांढरं, गारेगार धुकं सोडायचं. मघापासूनचं सगळं डोक्यातून अलगद निघून जायचं. मूल डोळे चोळत बाहेर यायचं, जशी काही डुलकीच लागली होती.

वृंदा तिथली परीक्षक. धुक्याचं बटण तिच्या हाताशी. समोर पालवी, गुडघा खरचटलेला, एक वेणी सुटलेली.

"चालताना चंद्र आपल्याबरोबर का येतो?" वृंदाने विचारलं.

"अय्या, हे तर मीच सगळ्यांना विचारते. बाबा म्हणतात, तुझ्यावर जीव आहे त्याचा."

मग ती डोळे मिटून बसल्या जागी हलायला लागली, एसटीत बसल्यासारखी. "झाडं भरकन मागे जातात. डोंगर हळूहळू. म्हणजे जितकं लांब तितकं हळू... ताई, तो येतच नाही. तो इतका लांब आहे की आपण निघालोय हे त्याच्या गावीही नाही."

आणि अशी हसली ना, की वृंदाला वाटलं खोलीतच चांदणं पडलंय.

"आज बाबांना सांगते. थापा मारतात नुसत्या."

वृंदाने तिला धुक्याचं सांगितलं.

पालवीचं हसू मावळलं. "उत्तर घ्या. पण प्रश्न माझा आहे ना? तो तरी राहील?"

वृंदाला माहीत नव्हतं. तिने कानातल्या फोनवरून कानविंदे सरांना विचारलं. धुकं त्यांनीच शोधलेलं.

"आठवण वेलीसारखी असते गं," सर म्हणाले. "शेंडा खुडताना मागचा वेलही थोडा ओढला जातो. ज्याला उत्तर सुचत नाही, त्याचं काही बिघडत नाही. ज्याला सुचतं, त्याचा प्रश्नही जातो. परत पडत नाही."

"सर, ज्यांचा प्रश्न जातो, तीच मुलं पुढे शिक्षक होतात. आणि मुलांना विज्ञान किती कळतं, त्याचा आलेख दरवर्षी खाली येतोय."

"म्हणून तर मोजणं थांबवता येत नाही," सर म्हणाले.

वृंदाने फोन ठेवला. तिची आई नेहमी म्हणायची, लहानपणी चंद्रावरून डोकं खायचीस माझं. वृंदाला ती थट्टा वाटायची. तिला तर चंद्राकडे बघून कधी काहीच वाटलं नव्हतं.

खिडकीत दुपारचा फिकट चंद्र होता. पालवी त्याच्याकडे बघत डोकं डावीकडे, उजवीकडे हलवत होती, तो हलतो का ते तपासत. तिला तसंच सोडलं तर संध्याकाळपर्यंत गावभर सांगणार, आणि इतक्या वर्षांची पट्टी एका दिवसात मोडणार.

"ताई," ती म्हणाली, "तुम्हाला कधीच नाही का पडला हा प्रश्न?"

वृंदाचं बोट बटणावर होतं. तू असतीस तर काय केलं असतंस, सांग?