हळदभात

"तिला उपाशी मारायचं ठरवलंयस का गं तू?"

मागच्या दारातून शकुबाईंचा आवाज आला आणि दर्शनाच्या हातातली तेलाची वाटी तिथेच थबकली. मांडीवर जुन्या टॉवेलात गुंडाळलेली तांबडी कोंबडी, ओढणीला लोंबकळून रडणारा वर्षाचा अनय, आणि दारात सासू... डोळ्यांत असा संताप, की जणू घरात पाप घडत होतं.

"आई, जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. तिची गळ्याखालची दाण्याची पिशवी तुंबलीय. दोन दिवस दाणा बंद, फक्त पाणी आणि तेलाचे थेंब."

"डॉक्टरचं काय जातंय सांगायला? या घरात आजाऱ्याला आधी जेवू घालतात, मग बाकीचे ताटावर बसतात."

"ती कोंबडी आहे, आई."

"हो ना. तुझ्यासाठी कोंबडीच."

शकुबाई आत गेल्या. पुढचं सगळं भांडी बोलली.

कांदिवलीच्या टेकडीखालची ती बैठी खोली, मागे हातभर अंगण आणि पत्र्याचं खुराडं. सासऱ्यांनी, शिवदासांनी, पाळलेल्या कोंबड्यांमधली ही एकच त्यांच्यामागे उरली होती. अंडी द्यायची तिने केव्हाच थांबवली होती; पण तिची शेवटची अंडी कुणी खाल्ली, हे दर्शना कशी विसरणार? अनयच्या वेळी बाळंतपणात तिचा ताप उतरेना, छातीला दूध येईना, तेव्हा हीच सासू उकडलेलं गरम अंडं सोलून तिच्यासमोर धरायची आणि स्वतः चटणीशी भाकरी मोडायची... आणि तरीही, बाळ रांगायला लागल्यावर दर्शना एकदा वैतागून बोलून गेली होती, "किती घाण करते ही तांबडी!" तेवढं एकच वाक्य त्या माउलीने काळजात जपून ठेवलं होतं. सून कोंबडीच्या जिवावर उठलीय, हे तेव्हापासून ठरलेलंच.

म्हणून दर्शना बोलत नव्हती, करत होती. अनयला झोपवून, कपडे भिजत टाकून, बोटांनी हळुवार त्या पिशवीवरून हात फिरवत बसायची. संध्याकाळी पिशवी मऊ पडायची. मनात आशा पालवायची... आणि सकाळी पुन्हा दगड. परत तेल, परत चोळणं, परत दगड. आपल्या हातांनाच यश नाही का, या विचाराने तिला रडू यायचं आणि रडायलाही वेळ नसायचा.

"सोड ना यार," तिचा नवरा प्रबुद्ध चहा ओतून घेत म्हणाला, "म्हातारी झालीय ती. रविवारी कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याला बोलावतो. हाल तरी थांबतील."

"तू आईंना सांग हे. आहे हिंमत?"

"तू सांग ना, तुझं नाहीतरी आईशी वाजलेलंच आहे." तो हसला. तिला हसू आलं नाही.

शनिवारी सकाळी तिने तांबडीला उचललं, तशी कोंबडीच्या चोचीतून आंबूस पाणी ओघळून तिच्या मनगटावर आलं. त्यात शिताचे कण होते. पिवळे... हळदीचे.

दर्शना बघतच राहिली. मऊ गुरगुट्या हळदभात. या घरात आजारी पडलेल्या प्रत्येकाच्या तोंडी पहिला घास त्याचाच. तापात तिलाही तोच भरवला होता.

संतापाने तिच्या कानशिलांत कळ गेली. इतके दिवस आपण उपसत होतो आणि कुणीतरी मागून भरत होतं. तांबडीला तशीच काखेत घेऊन ती तरातरा आत आली, शकुबाई डाळ निवडत होत्या. शब्द ओठांवर तयार होते, चांगले धारदार. पण सासूच्या शेजारी झाकून ठेवलेली छोटी वाटी तिला दिसली, कडेला पिवळी, आणि ते शब्द कुठे गेले कळलंच नाही.

ती खाली बसली. शकुबाईंचा सुरकुतलेला हात धरून तिने तांबडीच्या छातीवर ठेवला.

"दाबू नका. नुसतं बघा."

शकुबाईंची बोटं त्या कठीण गोळ्यावरून हलकेच फिरली.

"हे... भातच आहे?"

"भातच आहे, आई. खाली उतरतच नाहीये. पोट रिकामं आहे तिचं आणि गळा भरलेला."

"मला वाटलं, तू तिला..." शकुबाईंनी शेजारची वाटी दूर सारली. "घास घास भरवत होते गं मी. ती तोंड फिरवायची, तरी भरवत होते. मीच मारत होते का तिला?"

"तुम्हाला कुणी उपाशी ठेवायला शिकवलंच नाही," दर्शना म्हणाली. आवाजातली चीड अजून पुरती गेली नव्हती, तिने ती लपवलीही नाही. "मला तरी विचारायचं ना."

"विचारायला हवं होतं."

तो दिवस शकुबाईंनी खुराड्याजवळ काढला. तांबडी क्षीण आवाजात मागायची, त्या पदर तोंडाला लावायच्या. पण हात रिकामे ठेवले. प्रबुद्धने चिकनवाल्याचं नाव काढलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "आधी मला ने त्याच्याकडे."

रविवारी सकाळी पिशवी मऊ होती. मऊच राहिली. तांबडीने मान ताठ केली, मातीत एकदा चोच मारली. आता तिच्या वाट्याला फार दिवस नाहीत, हे तिघांनाही ठाऊक होतं.

शकुबाई वाटी घेऊन आल्या. चमचाभर पातळ भात. "किती द्यायचा ते तू सांग. तुझ्याच हाताने दे."

दर्शनाने हात पुढे केला, तशी त्यांनी वाटी मागे घेतली आणि तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं... कितीतरी दिवसांनी.

"तू कधी जेवलीस गं?"

दर्शनाला आठवेना. मांडीवर अनय, हाताला तेलाचा वास, आणि डोळ्यांतून आपोआप ओघळणारं पाणी...

शकुबाई आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. हळदभात, वर तुपाची धार.

"आजाऱ्याला आधी," त्या म्हणाल्या आणि पहिला घास तिच्या ओठांशी धरला.