शेजारच्या सीटचा पट्टा

“तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?”

हा त्याचा मला पहिला प्रश्न. नमस्कार नाही, चमत्कार नाही! गॅरेजच्या पत्र्यावर भुरभुर पाऊस वाजत होता, आणि विमा कंपनीचा हा सर्व्हेअर माझ्या चेपलेल्या गाडीत कमरेपर्यंत वाकलेला.

“कोणी नाही. एकटीच होते मी.”

तो बाहेर आला. डोळे इतके शांत, की खरं बोलूनही मीच गडबडले.

“मॅडम, धडक बसली की माणसाच्या वजनाने पट्टा खेचला जातो. त्यावर असे व्रण उठतात. तुमच्या पट्ट्यावर आहेत आणि... त्या दुसऱ्यावरही.”

रिकाम्या सीटवरून तो दुसरा पट्टा घट्ट ताणलेला होता. आत कुणीतरी नीट टेकून बसलेलं असावं, तसा.

“निघतच नाही तो,” गॅरेजचा फोरमन म्हणाला. “कापावाच लागणार.” आणि चहाच्या नावाखाली जो सटकला...

“मी नव्हता लावला,” मी हळूच म्हणाले. “तिथे माझे बाबा बसायचे. वर्ष झालं त्यांना जाऊन.”

“जबाब खोटा ठरला तर क्लेम फेटाळतात, ठाऊक आहे ना?”

“मग काय बाबांना साक्षीला बोलावू?”

हसू दाबताना त्याची मिशी तेवढी हलली. पुन्हा आत वाकून त्याने रिकाम्या सीटवर हात ठेवला — आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“काय झालं?”

“गरम आहे... कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.”

एवढ्यात डॅशबोर्डवर आवाज झाला. टक्, टक्... टक्.

“फुटक्या काचेतून पाणी गळतंय,” तो म्हणाला. आम्ही दोघांनी वर पाहिलं. तिथला पत्रा कोरडा ठणठणीत होता.

बाबा प्रवासभर देवाचं गाणं म्हणायचे आणि डॅशबोर्डवर अस्साच ताल धरायचे. मी पट्टा विसरले की गाणं मध्येच थांबवून म्हणायचे, ‘लाव गं बाई. देव कुठे पळून चाललाय?’ यातलं मी त्याला काहीच सांगितलं नाही. वेड्यात काढलं असतं ना!

काही दिवसांनी त्याने पुन्हा गॅरेजमध्ये बोलावलं. हातात फोटो होता.

“टोलनाक्यावरचा आहे. अपघाताच्या जरा आधीचा. गाडीत तुम्ही एकट्याच. शेजारचा पट्टा मात्र लावलेला.”

“म्हणजे आता तरी पटलं तुम्हाला?”

“फोटो कंपनीसाठी आणला.” तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. “मला... तेव्हाच पटलं होतं.”

पावसाचा आवाज एकदम फार गोड वाटू लागला.

“क्लेम मंजूर होईल,” तो म्हणाला. “व्रणांचं कारण सांगता येत नाही, असंच लिहिलंय मी. पण गाडी दुरुस्त नाही होणार हो. सांगाडाच वाकलाय. न्यायला ट्रक येतोय.”

गाडी जाणार... म्हणजे ती सीटही जाणार. मी स्टिअरिंगमागे शेवटचं बसले. शेजारी बघवत नव्हतं, तरी बघितलं. पट्टा अजून तसाच ताणलेला.

“बाबा, पोचले मी. सुखरूप आहे. आता... सोडा ना.”

खट्.

झोपलेल्या लेकराच्या अंगावरून हात काढावा, तितक्या हळू तो पट्टा मागे सरकत गेला.

“तुम्ही बटण दाबलंत?” सर्व्हेअरचा आवाज बाहेरून आला.

“नाही.”

त्याने नुसती छत्री पुढे केली. “चला, घरी सोडतो.”

त्याच्या गाडीत बसले तेव्हा डोळे भरून आले होते. कशाचं भान नव्हतं.

“लावा हो पट्टा,” तो म्हणाला. “देव कुठे पळून चाललाय?”

मी झटकन त्याच्याकडे वळले. “हे... हे कुठे ऐकलंत?”

“त्या दिवशी मी वाकलो होतो ना, तेव्हा कानाशी कुणीतरी म्हणालं. म्हातारा, गोड आवाज. मला वाटलं, फोरमनचे वडील असतील.”

गॅरेजमध्ये म्हातारं माणूस कुणीच नव्हतं.

“आणखी काय म्हणाले ते?”

त्याचे कान लालबुंद झाले. “म्हणाले... ‘ही विसरते. आता तू बघ हिच्याकडे.’”

“मग? तुम्ही काय म्हणालात?”

“मी... हो म्हणून बसलोय.”

मी पट्टा ओढून लावला. गाडी निघाली. स्टिअरिंगवर त्याची बोटं नकळत ताल धरू लागली —

टक्, टक्... टक्.