पुढच्या खेपेला

खाणीच्या प्रयोगशाळेत दगड तपासायचं काम मी बावीस वर्षं करते आहे. एका टनात किती सोनं आहे ते अचूक सांगायचं आणि शंका आली तर नमुना पुन्हा मागवायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्याचा नमुना पुन्हा मागवता येत नाही.

२०१७ च्या सप्टेंबरात माझे वडील हट्टाला पेटले. त्यांचं नाव बेन्यात, वय बहात्तर, डोकं शाबूत, डावा गुडघा कामातून गेलेला. आमच्या एल्को गावातल्या इतर बास्क म्हाताऱ्यांसारखे तेही तरुणपणी समुद्रापलीकडच्या बास्क मुलखातून मेंढ्या राखायला आले. तोइयाबेच्या डोंगरात चार उन्हाळे काढले, मग खाली उतरले, आईशी लग्न केलं आणि चाळीस वर्षं हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकले. डोंगराचं नाव काढलं की ते उठून कचरा टाकायला जायचे. आणि आता तिथेच जायचं म्हणत होते, तेही तंबू घेऊन.

"डॉक्टर गुडघ्याबद्दल काय म्हणाले, आठवतंय ना?" मी विचारलं.

"डॉक्टरला कुठे यायचंय?"

"चार मैल चढ आहे, बाबा."

"तुला जमणार नसेल तर गाडीत बस, पोरी. मी जाऊन येतो."

शेवटी मीच सुट्टी काढली. म्हातारा आपल्या पायांनी परत खाली यायला हवा, एवढीच माझी अट होती.

ऑस्टिन नावाच्या छोट्या गावापुढे डांबर संपलं. खडीचा रस्ता संपला तिथे पिकअप उभी केली आणि घळीतून चालायला लागलो. सेजच्या झुडपांतून वाट जात होती. पायाखालची धूळ पिठासारखी उडत होती, तोंडात तिची चव येत होती. कुठे आवाज नाही, पक्षीसुद्धा नाही. बाबा चढाला आडवे होऊन, खेकड्यासारखं एकेक पाऊल टाकत. दर अर्ध्या तासाला थांबून सॉसेजचा तुकडा खात आणि मला "दमलीस?" असं विचारत.

दुपारी तीनला झऱ्यापाशी पोचलो. तिथे अस्पेनची झाडी आहे. पांढरी खोडं, वर पिवळीधमक पानं, आणि खोडांवर जिकडेतिकडे काळी अक्षरं. नावं, सालं, गावं, एक-दोन चावट चित्रंही.

बाबा एका खोडापुढे थांबले. *बेन्यात १९६६.* अक्षरं दोन बोटं जाड आणि फुगून वर आलेली.

"आज पहिल्यांदा वाचतोय," ते म्हणाले.

"तुम्हीच लिहिलंय ना?"

"लिहिताना दिसत नाही, पोरी. चाकूच्या टोकाने केसाएवढी रेघ मारायची. खोल गेलं तर झाड मरतं. पुढे झाडच ती रेघ काळी करत जातं, दहा-पंधरा वर्षं. तोवर लिहिणारा कुठल्या कुठे गेलेला असतो."

शेजारच्या झाडावर दुसरं हस्ताक्षर होतं, मागे रेललेलं. *पेयो. एकटा. १९६९.* ते वाचून बाबा तिथेच खाली बसले.

पेयो त्यांचा धाकटा भाऊ. मला काका होता आणि तो बर्फात गेला, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं मी त्या दिवशी ऐकलं.

"मे महिन्यात आला. एकोणीस वर्षांचा. मालकाच्या ट्रकमध्ये झोपून आला तो थेट इथे. वाटेतलं एक गाव पाहिलं नाही बिचाऱ्याने." बाबा झाडाकडे बघत बोलत होते. "दर महिन्याला एकाने खाली जाऊन शिधा आणायचा. पहिल्या चार खेपा मीच केल्या, मेंढ्या ओळखायला शिक म्हणून त्याला ठेवलं. रोज रात्री विचारायचा, एल्को कसं आहे? मी सांगायचो. दिवे, हॉटेलं, पोरी. ऑक्टोबरची खेप त्याची होती. दाढी करून बसला होता."

"मग?"

"शनिवारी नाच होता. तुझी आई येणार होती. म्हटलं, पुढच्या खेपेला तू जा." त्यांनी नाक पुसलं. "रविवारी बर्फ पडलं. तीन दिवस. मेंढ्या तेवढ्या सापडल्या."

मला त्यांची फार दया आली. मी खांद्यावर हात ठेवला तर त्यांनी तो झटकला आणि तंबू ठोकायला घेतला.

पाणी आणायला मी झऱ्याच्या कडेने वर गेले. सहा-सात झाडांपलीकडे तेच रेललेलं अक्षर पुन्हा दिसलं. *पेयो. एकटा. १९७०.*

कुणीतरी थट्टा केली असणार. पुढे गेले. १९७४. १९८१. १९९०.

मी खिशातून भिंग काढलं. ते माझ्याजवळ असतंच. जुनी तारीख कोणीही कोरू शकतो, पण झाडाला खोटं बोलायला लावता येत नाही. १९७० ची अक्षरं दोन बोटं जाड होती. १९९० ची एक बोट. २००३ ची सुतळीएवढी, २०१२ ची दोऱ्याएवढी. प्रत्येक खूण जेवढी जुनी म्हणत होती तेवढीच जुनी होती. मी सगळी मोजली नाहीत, पण मधलं एकही साल मला सुटलेलं दिसलं नाही. आणि प्रत्येक ठिकाणी तोच एक शब्द. एकटा.

मी परत आले आणि भरलेल्या बाटल्या खाली ठेवल्या. बाबा स्टोव्ह पेटवत होते.

"शेवटचं कुठलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"गेल्या वर्षीचं."

"या वर्षीचं नाही?"

"नाही."

"मग वेळ आहे अजून," म्हणत त्यांनी भांडं आचेवर ठेवलं.

मी म्हटलं, उद्या सकाळी खाली उतरायचं, दुसरा मुक्काम नाही. ते वाद घालतील असं वाटलं होतं. पण "बरं," म्हणाले. जेवताना माझ्या केसांवरून हात फिरवला. मी शाळेत असल्यापासून त्यांनी असं केलं नव्हतं. मला ते आवडलं नाही.

सकाळी तंबूवर आणि गवतावर गोठलेल्या दवाचं पांढरं हिव साचलं होतं. शेजारची स्लीपिंग बॅग रिकामी होती, चेन वरपर्यंत नीट लावलेली. मी बाहेर येऊन हाका मारल्या. सूर्य अजून कड्याआड होता.

थोड्या वेळाने ते झाडीतून खाली येताना दिसले. सरळ, भराभर, पायाकडे न बघता.

"कुठे गेला होता? आणि गुडघा?"

त्यांनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून हसले.

मी कॉफी दिली. माझ्या कॉफीला बाबा जन्मभर नावं ठेवत आले. यांनी तीन कप घेतले, डोळे मिटून. "छान आहे," म्हणाले.

सामान आवरलं. ते पुढे चालायला लागले. मी बाटल्या भरायला झऱ्यावर थांबले.

झऱ्याच्या काठावरच्या खोडाला ताजी रेघ होती. इतकी बारीक की डोळ्यांनी वाचता येईना. साल ओलसर होती. मी नख रेघेतून हळूहळू फिरवत एकेक अक्षर जुळवलं.

*बेन्यात. एकटा. २०१७.*

म्हातारा माणूस आहे, मी स्वतःला सांगितलं. भावाची आठवण आली, पहाटे येऊन कोरलं. सरळ आहे.

मी वळून हाक मारली. "बाबा!"

वाटेवरचा माणूस पन्नास पावलांवर होता. तो वळला नाही.

मी झाडीकडे तोंड करून पुन्हा हाक मारली.

पानं हलली. वारा असेल.

मी वर धावले. तासभर एकेक झाड पाहिलं, कड्यापर्यंत गेले, घसा बसेपर्यंत ओरडले. हिवावर पावलांच्या दोन ओळी होत्या. वर जाणाऱ्या पावलांत डावा पाय ओढलेला होता. खाली येणाऱ्यांत नव्हता.

माणूस हरवला म्हणून कुणाला कळवायचं, तो माणूस खाली गाडीपाशी उभा असताना?

मी रडत रडत उतरले. खाली पोचायला दुपार झाली. तो दाराला टेकून उन्हात उभा होता, अंगात बाबांचं जाकीट. चेहरा बाबांचाच, फक्त जास्त उन्हातला. आत बसल्यावर सीटच्या पट्ट्याचं काय करायचं ते त्याला कळेना. मी वाकून लावून दिला. चाळीस वर्षं दुकानात बसलेल्या माणसाचे ते हात नव्हते. नखांत मेणचट लोकर अडकली होती.

मी गाडी सुरू केली. दुसरं काय करणार होते? ही त्याची राहिलेली खेप होती, आणि बाबांनी मला ज्या कामासाठी सोबत येऊ दिलं होतं ते आता मला कळलं होतं.

"हे कुठलं गाव?" ऑस्टिन आलं तेव्हा त्याने विचारलं.

मी सांगितलं.

बॅटल माउंटनलाही विचारलं. कार्लिनलाही. मी एकेक नाव सांगत गेले आणि तो ते ओठांतल्या ओठांत घोळवत राहिला.

एल्कोच्या चढावर आलो तेव्हा दिवे लागले होते. त्याने काच खाली केली आणि कितीतरी वेळ बघत राहिला.

"सांगितलं होतं त्याहून पुष्कळ मोठं आहे," तो म्हणाला.