शून्याव्या पानावरचं स्थळ

"सहा महिने झाले, मी तुमच्या साइटवर आहे. पण आहे कुठे?"

काउंटरशी उभ्या असलेल्या माणसाने हे इतक्या शांतपणे विचारलं, की तिला आधी हसूच आलं. मावशीच्या लग्न जुळवण्याच्या ऑफिसात तक्रारी रोजच्याच – वय खोटं, उंची खोटी, फोटो तर दहा वर्षांपूर्वीचा. पण अख्खं स्थळच हरवल्याची ही पहिलीच. मावशी बाहेर गेलेली, आणि साइट तयार केलेली हिनेच. तेव्हा निस्तरायचंही हिलाच होतं.

तो चष्म्याच्या दुकानाचा मालक. दोघांनी मिळून पान एक, पान दोन करत शेवट गाठला. खरंच नव्हता कुठे!

"लोकांना नीट दिसावं म्हणून मी दिवसभर खपतो," तो म्हणाला, "आणि मीच..."

वाक्य तिथेच सोडून तो तिच्याकडे बघून हसला. झालं! पोरीचं चित्त त्या हसण्यात अडकलं ते अडकलंच.

तो गेल्यावर दहा मिनिटांत चूक सापडली. यादीची वीस-वीस स्थळांची पानं पाडायला तिने एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला आयता कोड, वापरली होती, आणि ती बया पानं मोजायची शून्यापासून. हिने मागितली एकपासून. पहिले वीसजण शून्याव्या पानावर बसून राहिले, जिथे कुणी कधी गेलंच नाही. एकोणीसजण कंटाळले असतील. विचारायला आला हा एकटाच. एक आकडा बदलला की काम फत्ते.

पण तिने तो बदलला नाही.

कारण यादीत पहिलं नाव त्याचंच होतं. तो सगळ्यांना दिसला, की आठवडाभरही शिल्लक राहायचा नाही. म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. बरं, आपल्यापायी बिचारा सहा महिने खोळंबला, हेही मनाला खातच होतं. घास गोड लागेना, कामात लक्ष लागेना. तो रोज दुपारी यायचा, सापडलो का म्हणून विचारायचा, आणि ही धडधडीत खोटं बोलायची – शोधतेय अजून... मावशीने एकदा तिला निरखलं आणि म्हणाली, डोळ्यांना नंबर लागलाय तुझ्या, जा त्याच्याच दुकानात.

नवव्या दिवशी तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने आकडा बदलला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन घरांतून फोन आले, आणि त्याला कळवायचं काम पडलं हिच्याच गळ्यात.

तिने त्याच्या दुकानात जाऊन तिन्ही नंबरांची चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि चूक काय होती ते खाली मान घालून सांगितलं.

"दुरुस्तीला किती वेळ लागला?" त्याने विचारलं.

"तीन... तीन मिनिटं."

"आणि मी नऊ दिवस खेटे घालतोय."

"तुम्ही दुसऱ्या कुणाला दिसू नये, असं वाटत होतं मला," ती म्हणाली. आता रागावला तर रागावला.

तो रागावला नाही. चिठ्ठी न वाचताच त्याने तिच्या हातात परत दिली, आणि बोटंही लगेच सोडली नाहीत.

"मला तरी रोज तिथे यायचं दुसरं काय कारण होतं? फोन करता आला असता की," तो म्हणाला. "आता यादीतून नाव काढायचं झालं, तर किती दिवस लावाल?"

तिने तिथेच मोबाइल काढला. मिनिटसुद्धा लागलं नाही.