जवळचं ऐकू न येणारी तार

जबलपूरला ऐकू जातं आणि डोंगरापलीकडच्या गावात ऐकू जात नाही, असा रेडिओ कधी पाहिलाय तुम्ही? रेवा खोतकडे होता, आणि त्या दुपारी तिला तो उचलून आपटावासा वाटत होता.

सन २०४८. रेवा चिपळूणच्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या मैत्रिणी चष्म्याच्या काचेतून जगभर गप्पा मारायच्या. ही मात्र हॅम रेडिओच्या (परीक्षा देऊन, परवाना काढून हौसेनं चालवायचा बिनतारी संच) नादी लागलेली. हे वेड लावलं होतं तिच्या आजोबांनी, नानांनी. नाना डोंगरापल्याड कुंभारघळला राहायचे. रेडिओ क्लबात तिच्या मदतीला ठोंब्या नावाचा यंत्रमानव होता. हे नाव अर्थातच पोरांनी ठेवलेलं.

आदल्या दिवशी चक्रीवादळानं घाटरस्ता बंद पाडला. फोन मरण्याआधी नानांचा एकच निरोप आला होता: घरात पाणी शिरलं, चिनूचं इन्सुलिन वाहून गेलं, आजचं कसंबसं भागेल. चिनू म्हणजे रेवाचा आठ वर्षांचा चुलतभाऊ. त्याला मधुमेह होता. इन्सुलिनवाचून त्याच्या जिवाला धोका होता.

दवाखान्यात औषध घेऊन ड्रोन तयार होता. पण दरीत ढग उतरलेले, शाळेचं मैदान पाण्याखाली. कुठं उतरायचं हे खालून कुणीतरी सांगायला हवं होतं. नानांचा संच ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा, म्हणजे तो नक्की चालू असणार.

"नाना, मी रेवा. ऐकताय का? ओव्हर."

नुसती खरखर.

"रेवाताई, अँटेना आणखी वर चढवू?" ठोंब्यानं विचारलं.

"चढव. अगदी टोकाला ने."

मैदानातल्या वीस मीटरच्या खांबाच्या टोकाला अँटेनाची तार गेली. रेवानं पुन्हा हाका मारल्या. अचानक एक स्वच्छ आवाज आला.

"चिपळूण, मी जबलपूरहून गद्रेकाकू. बाळ, तू शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी ऐकू येतेस. या लहरीवरचे आम्ही सगळे गप्प बसलोय, तुझ्या मध्ये कुणी बोलणार नाही. पण तुझे नाना काही आम्हाला ऐकू येत नाहीत गं. ओव्हर."

अनोळखी माणसं रेवासाठी श्वास रोखून बसली होती, आणि घरचं माणूस मात्र सापडत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत.

"मला समजत नाही," ठोंब्या म्हणाला. "जबलपूर लांब. कुंभारघळ जवळ. जवळ आधी ऐकू जायला हवं."

"मध्ये डोंगर आहे ना. सरळ जाणारी लहर तिथंच अडते. जबलपूरची लहर आभाळातून जाते. वर आयनांबर आहे (उन्हामुळे विद्युतभार आलेल्या विरळ हवेचा थर). त्याच्यावर आपटून ती खाली येते. थांब, तो चेंडू घे. छतावर तिरका मार."

ठोंब्यानं मारला. चेंडू छताला लागून समोरच्या भिंतीपाशी पडला.

"ते झालं जबलपूर. आता सरळ वर मार."

चेंडू छताला लागला आणि ठोंब्याच्याच टाळक्यावर आपटला.

रेवा बघतच राहिली. "अरे, हेच तर! कुंभारघळ आपल्या पायाशी आहे. लहर सरळ वर जायला हवी आणि आपण ती तिरकी फेकतोय!"

"तिरकी का जाते?"

"तारेतून काही लहरी थेट वर जातात, काही खाली जाऊन जमिनीवरून उलटतात. आपली लहर चाळीस मीटर लांब आहे. तार तिच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे वीस मीटरवर असली, की डोक्यावर या दोन्ही लहरी एकमेकींना खोडून काढतात. मग सगळा जोर तिरका जातो. तार जमिनीजवळ आणली तर त्या एकमेकींना साथ देत सरळ वर चढतात. आणि तार जशी बोलते तशीच ऐकते. नाना हाका मारत असतील रे, आपणच बहिरे झालोय."

तिला स्वतःचा राग आला. रेडिओच्या स्पर्धांत लांबच्या संपर्काला जास्त गुण, म्हणून क्लबातल्या सगळ्यांना एकच ठाऊक होतं: अँटेना जितकी उंच तितकी चांगली. जवळच्याशी बोलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ठोंब्या, खाली घे. तुझ्या खांद्याच्या थोडी वर धर."

"पण मग जबलपूरला आपण नीट ऐकू जाणार नाही."

"चालेल. काकू रागावणार नाहीत."

ठोंब्या मैदानात धावला. तार खाली आली. रेवानं बटण दाबलं.

"नाना, मी रेवा. ओव्हर."

खरखर. आणि मग तिच्यातून वर येणारा, घोगरा झालेला आवाज.

"ऐकतोय गो बाय, ऐकतोय! सकाळपासून बोंबलतोय मी. पोर निपचित पडलंय. देवळामागचा कातळ कोरडा आहे, तिथं पाठव. मी चादर घेऊन उभा राहतो. ओव्हर."

रेवानं ड्रोनला जागा कळवली आणि मग मात्र तिला रडू आवरेना. ठोंब्याला रडण्यावरचा उपाय ठाऊक नव्हता. तो तार धरून उभा राहिला, एवढंच त्याला जमण्यासारखं होतं.

संध्याकाळी संच पुन्हा बोलला. या वेळी आवाज बारीक होता.

"रेवाताई, मला सुई दिली. दुखली नाही. नाना म्हणतात तू आभाळातून बोलतेस. खरं?"

"खरं. माझा आवाज वर जातो आणि तुझ्या अंगणात उतरतो. ओव्हर."

चिनूनं लगेच बटण दाबलं. बोलणं संपलं की ओव्हर म्हणायचं, हे त्याला माहीतच नव्हतं.

"मग रोज ये ना," तो म्हणाला.