नदी पाचपर्यंत थरथरत नाही

खरेदी विभागाचे साहेब, तुम्ही तो गोळा हातात धरलाच नाहीत.

माऊसऐवजी बोटाने गोळा फिरवायचे चाळीस करडे ट्रॅकबॉल मागवायच्या कागदावर सही ठोकलीत, शिक्का मारलात. ज्या वस्तूवर चाळीस माणसं दिवसाचे आठ तास हात ठेवणार, तिला तुमचं बोटसुद्धा लागलं नाही. आमच्या चाचणीचा तक्ताही तुम्ही वाचला नाहीत. फक्त बेरीज वाचलीत. बेरजेच्या शेजारी 'अभिप्राय' नावाचा रकाना असतो. त्यात दोन माणसांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा अर्थ झाडूवाल्या मावशींना कळला, एकट्या तुम्हाला कळला नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी नकाशांच्या कचेरीत टेबल सातवर बसते. हाताने काढलेले जुने नकाशे कॉम्प्युटरवर उतरवायचं आमचं काम, आणि माझ्या वाट्याला नद्या आल्या. काठाकाठाने एकेक टिंब ठेवत जायचं. एका वळणाला तीस-चाळीस टिंबं, एका नदीला हजारो. लोकांना हे ऐकूनच जांभई येते. मला नाही येत. ही बाई पुढे कुठे वळणार, हे बघायला मला अजूनही मजा वाटते.

पण पाच वर्षं माऊस ढकलून उजवं मनगट कामातून गेलं. केस बांधता येईनात. ताई वेणी घालून द्यायची आणि देता देता टोमणाही मारायची, की घोडनवरी झालीस तरी वेणी मीच घालायची का. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, मनगट असंच घासत राहिलात तर हे काम सुटेल. त्या चिठ्ठीवर तुम्ही शेरा मारलात, साहेब: सोयीचं उपकरण न सापडल्यास एक तारखेपासून चौकशीच्या खिडकीत बसवावं.

खिडकीत नदी नसते.

तर चाचणीसाठी तीन नमुने आले. खोकं घेऊन मी जिना चढत होते. चौकसपणा हा माझा जुना रोग, त्यामुळे मधल्या वळणावरच झाकण उघडलं. लाल गोळ्याचा ट्रॅकबॉल उलटा करून बघितला, आणि गोळा सुटला. तो आत नुसता बसवलेला असतो हे मला काय माहीत! टप्… टप्… टप्… लिंबाएवढा लाल गोळा पायरी पायरी उतरत खाली गेला आणि एका बुटाला जाऊन टेकला.

बुटाच्या मालकाने तो उचलला, बाहीला पुसला, उजेडात धरून बघितला. मग माझ्याकडे.

"टेबल सात?"

मी विचारलं, कशावरून. त्याने माझ्या मनगटाच्या पट्ट्याकडे बोट केलं. म्हणाला, वरच्या मजल्यावर तपासनीस आहे, तुमच्या नद्या रोज माझ्याकडेच येतात.

म्हणजे हा लाल पेन! आमच्या मजल्यावर त्याला सगळे याच नावाने ओळखायचे. चुकलेल्या रेषेभोवती स्क्रीनवर लाल गोल मारून परत पाठवणारा माणूस. माझ्या डोक्यात कुणी तरी आंबट तोंडाचा म्हातारा होता. हा माझ्याच वयाचा निघाला. कान जरा बाहेर आलेले, आणि एक खांदा वर चढलेला. मला राग काढायला तेवढंच पुरलं. मागच्या महिन्यात सतरा लाल गोल मारलेत, मी म्हटलं, काही लाज?

"सगळे तीननंतरचे आहेत," तो शांतपणे म्हणाला.

"म्हणजे?"

"सकाळी तुमची नदी पाण्यासारखी जाते. तीन वाजले की थरथरायला लागते. मला आधी वाटायचं, कंटाळा करता. मग लक्षात आलं…" त्याने पुन्हा पट्ट्याकडे बघितलं. "दुखतंय."

माझी चिठ्ठी तेव्हा दोन दिवसांची होती. त्याआधी मी कचेरीत कुणाला चकार शब्द बोलले नव्हते. आणि वरच्या मजल्यावरच्या एका माणसाला ते माझ्या रेषांवरून कळलेलं! त्याने गोळा माझ्या हातात ठेवला. गोळा कोमट होता.

तोही चाचणीलाच निघाला होता. तुम्ही चाचणीला एक उजवा आणि एक डावा मागितला होता ना, साहेब? उजवी मी. डावखुरा तो.

जिन्याशेजारची जुनी खोली आम्हाला मिळाली. नकाशांची कपाटं, एक खिडकी, समोरासमोर दोन टेबलं. तीन आठवडे, दर सोमवारी उपकरण बदलायचं. लाल गोळ्याचा ट्रॅकबॉल एका अंगाला कललेला, गोळा अंगठ्याखाली, फक्त उजव्या हातासाठी घडवलेला. काळ्याचा मोठा गोळा मधोमध, त्याला डावं-उजवं सारखंच. आणि करडा. तुमचा लाडका. गोळा गोटीएवढा आणि घट्ट.

पहिल्या आठवड्यात माझ्याकडे लाल, त्याच्याकडे करडा. तत्त्व सोपं आहे: उपकरण जागेवर राहतं, बोटाने गोळा फिरवायचा, बाण पळतो. पण हाताची खोड जाते थोडीच? मी अंगठा लावला की बाण स्क्रीनच्या कोपऱ्यात जाऊन लपायचा. तो तर अख्खा करडा माऊससारखा ढकलत ढकलत टेबलाच्या काठापर्यंत गेला आणि धाडकन खाली पाडला.

"ऐकत नाही हा," तो म्हणाला.

"लाल गोल मारा त्याला," मी म्हटलं.

तो हसला की कान हलतात. ही नोंद मी तक्त्यात केली नाही.

बुधवारपर्यंत माझा हात लालवर स्थिरावला. कुणाशी हात मिळवताना धरतो ना, तसा आडवा. मनगट नुसतं पडून, फिरतो तो अंगठा. गुरुवारी घड्याळ बघितलं तर पाच, आणि दिवसभरात मी मनगट एकदाही चोळलं नव्हतं. समोरून आवाज आला, "आज नदी शांत आहे." म्हणजे हा माणूस करड्याशी कुस्ती खेळता खेळता माझी नदी बघत होता.

शुक्रवारी माझा बाण अडखळायला लागला. त्याने पेन्सिलचं टोक खालच्या भोकातून घालून गोळा वर ढकलायला शिकवलं. आत तीन बारीक पांढरे मणी असतात, त्यांवर कचरा धरतो. माझ्यात माझ्याच ओढणीचे निळे धागे. त्याच्यात पिवळी लोकर. मी विचारलं, पिवळा स्वेटर तर कधी घालून येत नाही. तो म्हणाला, आईने विणलाय, घरीच घालतो, कचेरीत लोक हसतील. मी म्हटलं, एकदा घालून या, मी हसणार नाही. घालून आला. मी हसले.

दुसऱ्या आठवड्यात करडा माझ्याकडे आला. साहेब, नीट ऐका. त्याचा गोळा आधी हलतच नाही, आणि हलला की उडी मारतो. तीन बोटं चिमटीत आखडून धरावी लागतात. मंगळवारी दुपारीच मनगटात ठणका सुरू. पण माझं लक्ष समोर होतं. त्याच्याकडे काळा होता. इतकी वर्षं तो उजव्या हातासाठी बनवलेला माऊस डाव्या हाताने चालवत होता, कोपर पोटात खुपसून, खांदा कानाला लावून. काळ्यावर डावा तळवा ठेवला आणि खांदा हळूहळू खाली आला. मान सरळ झाली. मी आठवडाभर ज्याला पोक काढलेला समजत होते, तो माणूस चांगला उंच होता!

गुरुवारी बाहेर भुरभुर चालू होती, काचेवर थेंब नुसते चिकटून बसलेले. मी पेन्सिल मागायला त्याच्या खुर्चीमागे गेले, तर स्क्रीनवर माझी नदी. तीननंतरची. तो गोळा हळूच फिरवत एकेक टिंब उचलून जागेवर ठेवत होता.

"हे काय चाललंय?"

त्याने मागे बघितलं नाही. "लाल गोल मारला असता तर तुम्हाला परत काढावी लागली असती."

"कधीपासून करताय?"

"पाच महिने झाले असतील."

"मग ते सतरा?"

"ते माझ्याने सरळ झाले नाहीत."

मी पेन्सिल न घेताच परत आले. त्या संध्याकाळी ताई वेणी घालता घालता म्हणाली, हात दुखतोय ना, मग आरशात बघून हसतेस कुणाला? मी आरसा पालथा घातला. तिने शेवटचा पेड करकचून ओढला. "असा कोण आहे तो? घरी घेऊन ये, बघू तरी."

तिसऱ्या आठवड्यात काळा माझ्याकडे. गोळा छान, गुळगुळीत, पण हात वर ठेवला की माझं मनगट मागे वाकायचं. दोन वाजताच ठणका. आणि लाल त्याच्याकडे! उजव्या अंगठ्यासाठी घडवलेला गोळा त्याच्या डाव्या करंगळीखाली येत होता. करंगळीने चालवत होता बिचारा, सुईत सुतळी ओवावी तसा. मी विचारलं, कसा आहे. म्हणाला, चांगला आहे. त्याने विचारलं, तुमचा? म्हटलं, छान आहे. दोघंही एक नंबरचे खोटारडे.

शनिवारी तक्ते भरायचे होते. प्रत्येकी दहापैकी गुण, एकमेकांना न दाखवता. मी बराच वेळ बसून राहिले. सगळ्या कचेरीला एकच उपकरण येणार होतं, खरे गुण दिले तर लाल. तो फक्त उजव्यांचा. मग याचा खांदा पुन्हा कानाला लागणार. माझ्या मनगटाचं मी बघून घेईन, म्हटलं, दोन-तीन वर्षं तर निघतील. लालला तीन दिले. काळ्याला दहा. करड्याला दोन, आणि ते अगदी खरे. अभिप्रायात एक ओळ लिहून तक्ता पेटीत टाकला.

सोमवारी निकाल फळ्यावर लागला.

लाल: टेबल सातचे तीन, तपासनिसाचे दहा. तेरा.
काळा: टेबल सातचे दहा, तपासनिसाचे तीन. तेरा.
करडा: दोन आणि दोन. चार.

आणि खाली तुमची ओळ. 'पहिल्या दोन उपकरणांत फरक आढळत नसल्याने निवड करता येत नाही. सबब तिसरे उपकरण निश्चित करण्यात येत आहे.' साहेब, हे लिहिताना तुमचा हात नाही थरथरला?

लाल पेन माझ्या मागेच उभा होता. मी वळायच्या आत झाडूवाल्या मावशी पुढे झाल्या, चष्मा वर केला आणि अभिप्रायाचा रकाना सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. लाल गोळ्यासमोर तपासनिसाने लिहिलं होतं: 'नदी पाचपर्यंत थरथरत नाही.' काळ्यासमोर टेबल सातने लिहिलं होतं: 'डाव्या हाताला अगदी सोयीचा.'

मावशींनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तपासनीस कधीपासून नद्या काढायला लागले? आणि तू गं, डावरी कधी झालीस?"

सगळा मजला आमच्याकडे वळला. त्याचे कान लाल. माझं काय झालं होतं ते मला दिसत नव्हतं, पण मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी त्याला हाताला धरून जिन्यात आणलं, डाव्या हाताला.

"वेडा आहेस का तू?" 'तू' कधी आलं ते मलाच कळलं नाही. "करंगळीने गोळा चालवून दहा गुण देतात?"

"तुला खिडकीत बसवणार होते."

"आणि तुझा खांदा?"

"खांद्याची मला सवय आहे," तो म्हणाला. मग पायरीकडे बघत… "तुझी नदी थरथरते, त्याची होत नाही."

याच वळणावरून तो गोळा पडला होता. मी त्याचा हात सोडला नव्हता. त्यानेही नाही.

मग आम्ही दोघं तुमच्याकडे आलो, आठवतंय? करडा तुमच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, एक नदी काढून दाखवा, एकच वळण. तुम्ही फायलीच्या कडेने तो बाजूला सारलात आणि म्हणालात, जे काय असेल ते लेखी द्या.

हे घ्या लेखी.

आम्ही दोघांनी खोटे गुण दिले. चूक आमची, काय शिक्षा असेल ती द्या. खरे गुण असे: लाल, माझ्या हाताला दहा. काळा, त्याच्या हाताला दहा. करडा, दोघांच्याही हाताला दोन. तुमची मागणी अजून गेलेली नाही, कागद तुमच्याच टेबलावर पेपरवेटखाली आहे, मावशींनी बघितलाय. दोन माणसांचे हात सारखे नसतात, साहेब. एक लाल आणि एक काळा. एवढं सुचायला काय लागत होतं? आणि उरलेल्या अडतीस जणांना त्यांचा त्यांचा हात विचारायला काय लागतं? एक तारखेला मी टेबल सातवर बसायचं की खिडकीत, होय की नाही, मला सहीनिशी लेखी उत्तर हवंय.

आणि लाल पेन, तू मघापासून खांद्यावरून वाचतोयस, दोन ठिकाणी बोटही ठेवलंस. ताईने विचारलंय. रविवारी पिवळा स्वेटर घालून घरी येणार आहेस का? तुझं तोंडी चालेल. पण आत्ता सांग.